‘आपण तिघं’मधून तुला काढलं त्याबद्दल

दि. १४ नोव्हेंबर, मंगळवार

चि. ढमीस अनेक आशीर्वाद.

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून हा कागद. छत्तीस वर्षांच्या बाईला ढमी म्हणू नये हे मला कळतं, पण दुसरं काही लिहायला हात वळत नाही. तुम्ही सगळे खुशाल असाल. माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण कुरकुरण्यात तो माझा हात धरू शकणार नाही, हे तुला माहीतच आहे.

एकतीस वर्षं मी नगरपालिकेच्या तक्रार खिडकीवर काढली. गटार तुंबलं, दिवा गेला, नळाला गढूळ पाणी आलं, की लोक यायचे. मी वहीत उतरवून घ्यायचो, क्रमांक द्यायचो आणि ‘काळजी नसावी’ म्हणून वाटेला लावायचो. परवा मीच त्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा होतो. आपल्या गल्लीतला रस्ता तिसऱ्यांदा खणलाय. आधी डांबर घातलं. मग त्या डांबराच्या उद्घाटनाचा मंडप ठोकायला खड्डे पाडले. आता ते खड्डे बुजवायच्या कामाचा शुभारंभ आहे, आणि त्याला पुन्हा मंडप लागणार आहे. खिडकीवरच्या बाईंनी सगळं शांतपणे लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “क्रमांक जपून ठेवा काका. काळजी नसावी.” अंगाचा तिळपापड झाला. एकतीस वर्षं लोकांना माझ्याबद्दल असंच वाटत असणार, हे घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

बसथांब्याचं तर विचारू नकोस. साहेबांच्या वाढदिवसाचा फलक थांब्यासमोरच लावलाय. मागे उभा असलेला माणूस चालकाला दिसत नाही, दिसतात ते फक्त हात जोडलेले साहेब. साहेबांना बसने कुठे जायचं नसतं हे चालकालाही ठाऊक आहे, त्यामुळे तो थांबत नाही. मी परवा फलकाच्या बाजूने हात बाहेर काढून हलवला, तर साहेबांना तिसरा हात फुटल्यासारखं दिसलं म्हणे. समोरचा न्हावी पोट धरून हसत होता.

आणि हो, ज्या साहेबांवरून आपलं वाजलं ते साहेब गेल्या महिन्यात तुझ्या पक्षात आले. हार, गुलाल, मिठ्या, सगळं झालं. परवापर्यंत ज्यांना ते चोर म्हणत होते त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसले होते. तू मे महिन्यात लिहिलं होतंस, “बाबा, हा माणूस चौथी उडी मारायच्या तयारीत आहे.” मी तेव्हा तुला काय काय बोललो! पंधरा लोकांचे पुढे ढकललेले मेसेज तुझ्या अंगावर फेकले. ते मी वाचलेसुद्धा नव्हते. तू म्हणालीस, “तुम्हाला मुलीपेक्षा साहेब खरे वाटतात.” आणि मी तुला ग्रुपमधून काढलं.

तीन माणसांचा ग्रुप. ‘आपण तिघं’ हे नावही मीच दिलं होतं.

तू म्हणशील, बाबा, मुद्द्यावर या. तक्रार खिडकीवर मीही हेच सांगायचो, की आजोबा, पाल्हाळ नको, तक्रार काय ते सांगा. ढमे, या वेळी तक्रार माझ्याविरुद्ध आहे, आणि ती लिहायला मला चार कागद फाडावे लागले.

आईचे कान गेले होते हे तुला माहीत आहे. समोर उभं राहून मोठ्याने बोललेलं कळायचं, पण फोनवरचं तिला काही कळायचं नाही. निवडणुकीत साहेबांच्या आवाजातला तो ठरावीक फोन आला, की ती त्यालाही “हो हो, सगळे बरे आहेत, तुम्ही कसे?” म्हणायची. म्हणून तू तिला ते बोटाने दाबून धरायचं माइकचं बटण शिकवलंस. ती बोलणार आणि तू मोठ्या अक्षरात उत्तर लिहिणार, असं तुमचं ठरलं होतं. पण ती कुठे बोलते हे ना तू कधी नीट पाहिलंस, ना मी तुला सांगितलं. आपल्या ग्रुपला तुझा फोटो होता, दोन वेण्यांतला. तिला वाटायचं फोटो तुझा, म्हणजे तो फोन तुझा. ती नेहमी त्याच फोटोवर बोट ठेवायची. दुसरं काही उघडायला ती कधी शिकलीच नाही.

तुला काढल्यावर त्या ग्रुपमध्ये उरलो ती आणि मी.

रोज दुपारी चारला ती खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायची आणि तुझ्याशी बोलायची. आतल्या खोलीत माझा फोन वाजायचा. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे ती, आणि मी कानाला फोन लावून तुझ्यासाठीचं बोलणं ऐकायचो. सुताराच्या मांजरीला पिल्लं झाली. तुझा निळा स्वेटर उसवून ती पुन्हा विणतेय, बाह्यांचं माप कळव. टाचांना भेगा पडल्यात. बाबा हल्ली कमी बोलतात, भांडलात का तुम्ही?

पहिल्या आठवड्यात तिने विचारलं, “अहो, ढमीचं उत्तर का येत नाही?”

मी म्हणालो, “कामात असेल.”

निकाल लागू दे, मग तुला परत घेऊ, असं मी मनाशी ठरवलं होतं. निकाल लागला, साहेब जिंकले, आणि मला वाटलं आधी तू माफी मागावीस. मग साहेबांनी उडी मारली. आता तुला परत घेतलं असतं तर तू हसली असतीस. त्या हसण्याला मी भ्यालो, ढमे. एवढंच कारण होतं, त्याहून मोठं काही नव्हतं.

मधे एकदा ती फारच हिरमुसली, म्हणून मी आतल्या खोलीतून ग्रुपवर लिहिलं, “निरोप मिळाला. काळजी नसावी.” वर माझं नाव येतं, पण ते बारीक असतं. तिने वाचलं आणि धावत आत आली. “बघा, आलं हो उत्तर! पण किती कोरडं लिहिते पोरगी, अगदी तुमच्या ऑफिसातल्यासारखं.” मग पुन्हा फोनकडे बघून म्हणाली, “माझ्यावर रागावलीय वाटतं.”

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. ती समोर उभी होती, हातात फोन होता, फार तर दोन वाक्यं लागली असती. मी म्हणालो, “छे, तुझ्यावर कशाला रागावेल?” आणि वर्तमानपत्र उघडलं.

मग ताप आला, दवाखाना झाला. डॉक्टरांच्या फोनवरून तुला बोलावलं, पण तू पोहोचलीस तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. बाहेरच्या बाकावर तू मला म्हणालीस, “मी तिला वेगळे मेसेज पाठवत होते, बाबा. एकही तिने उघडून पाहिला नाही. तिनेसुद्धा तुमचीच बाजू घेतली.” आणि मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी विचारलं, “चहा घेतेस का?”

तिने बाजू घेतली नव्हती, ढमे. तू तिला बोलवत होतीस हे तिला कळलंच नाही. ती तुला बोलवत होती हे तुला कळलं नाही. दोघींच्या मधे मी बसलो होतो आणि मला तिचं तरी सगळं ऐकू येत होतं.

या पत्राबरोबर तिचा फोन पाठवतोय. त्याला कुलूप नाही. तिचे एकशे सत्तेचाळीस निरोप आहेत, सगळे तुझे. तू पाठवलेले एकोणीस मेसेज तसेच न उघडलेले आहेत. मी त्यांना हात लावला नाही. उघडले असते तर तुझ्याकडे निळ्या खुणा उमटल्या असत्या, आणि क्षणभर तुला भलतंच काही वाटलं असतं.

शेवटचा निरोप दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीचा आहे. तो तू एकदम ऐकू नयेस म्हणून इथे उतरवून देतो. “ढमे, मी तुला काही बोलले का गं? बोलले असेन तर विसर. मला आठवत नाहीये. बाबांना विचारलं, ते म्हणतात कामात आहेस. त्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणजे खरंच असशील. स्वेटर झालाय. बाह्या अंदाजाने केल्यात.”

स्वेटर याच खोक्यात आहे.

मला माफ कर असं लिहायला घेतलं होतं, पण खोडलं. तिची माफी मागायची राहिली, आणि ती तुझ्याकडून मिळवणं म्हणजे पुन्हा तुझ्यावरच ओझं टाकणं. तू ये असंही म्हणत नाही.

फक्त एक सांगायचंय. तिच्या फोनवरून चुकूनही त्या ग्रुपमध्ये काही लिहू नकोस. दुपारी चारला माझा फोन वाजेल, वर तिचं नाव दिसेल, आणि ते मला झेपणार नाही. लिहावंसं वाटलं तर तुझ्या नावाने लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील, मी सगळ्या वाचेन.

तुझ्या आईशी खोटं बोललेला,
तुझा बाबा