पावसाळ्यातला सोलर ड्रायर

२० जून
आजपासून मी उद्योजक. ग्रामसेवक भाऊ सांगून गेले, सरकारचं नवीन धोरन हाय. उन्हावर, वाऱ्यावर चालनारी मशिनं आपल्याच देशात बनवा, सरकार मदत करनार. अट एकच, निम्म्याहून जास्त पार्ट देशी पायजेत. मी लय प्रश्न विचारनार होतो. पन पुढं मानसं बसली होती.

२१ जून
आयडिया फिक्स. लोनावळ्यात पब्लिक पावसात भिजायला येतं. भिजलं की कपडे ओले. ओले कपडे सोलर ड्रायरमंदी. एवढी सोपी गोष्ट आजपर्यंत कोनालाच कशी सुचली न्हाई?

२६ जून
बा म्हनला, अधिकाऱ्यांनी पास केलं तर कर धंदा. न्हाई तर शेजारच्या लखनदादासंगं तुंगार्लीच्या बंगल्यावर कामाला जा. तितं दिवसभर पावन्यांशी बोलावं लागतं. सर चहा, मॅडम टॉवेल. नववीत बाई उभं करून मोठ्यानं वाचायला लावायच्या, म्हनून तर शाळा सोडली. पास व्हायलाच पायजे.

३ जुलै
मशिन तयार. पत्र्याची पेटी, आतून काळा रंग, वर जुन्या खिडकीची काच. पंखा चायनाचा निघाला. त्यावरचं नाव घासून काढलं. आता देशी.

५ जुलै
ट्रायल. बाचा शर्ट सकाळी आत ठेवला. संध्याकाळी जास्त ओला. मशिनमंदी प्रॉब्लेम न्हाई. ऊनच न्हाई. ऊन पुरवनं हे आपलं खातं न्हाई.

१२ जुलै
धुकं. ट्रायल घ्यायला गेलो. मशिन सापडलं न्हाई.

१४ जुलै
आईनं न विचारता मशिनखाली निखाऱ्याची शेगडी सारली. आमच्यात पावसाळ्यात शेगडीवर टोपली पालथी घालून कपडे वाळवतात, तसंच. शर्ट तासाभरात कडक. मी लय चिडलो, मनातल्या मनात. मग विचार केला. शेगडी हितल्याच कुंभाराची, कोळसा रानातला. म्हंजे देशी पार्ट वाढले. राहू दिली.

२० जुलै
परवा इन्स्पेक्शन. म्हशीसमोर बोलायची प्रॅक्टिस केली. म्हस उठून गेली. प्रॅक्टिस चांगली झाली.

२२ जुलै
इन्स्पेक्शनला यशोधरा मॅडम आल्या. त्यांची छत्री मिटायच्या आत मी गोठ्यामागं. अर्जंट फोन होता. गोठ्यामागं रेंज नसते, म्हनून वेळ लागला. पन ऐकू सगळं येत होतं.

मॅडमनी विचारलं, सोलर मशिनमधून धूर कसा येतोय? मग माझी बहीन निर्मलाताई बोलली. मॅडम, ह्यो येडा जुलैत ऊन हुडकतोय, पन पेटी झ्याक बनवलीय. दिवाळीनंतर आमी बाया यात नाचनीचे पापड वाळवू, उन्हाळ्यात करवंदं, अन् चिक्कीच्या दुकानांत विकू.

मॅडम हसल्या. म्हनल्या, शेगडी काढा, पंखा बदला, घासलेलं दिसतंय. बाकी पास. धंदा ताईच्या नावावर. पेटी बनवनारा कुटंय विचारलं, तवा ताईनं दोनदा हाक मारली. मी फोनवर होतो.

२३ जुलै
एकूनात यश. तुंगार्ली कॅन्सल. ताई मालकीन, आई प्रोडक्शन. मला ताईनं मार्केटिंग दिलं. म्हनली, रोज लोनावळ्यात दुकानोदुकानी जायचं, आपल्या मालाविषयी बोलायचं. मी व्हय म्हनलो न्हाई. न्हाई पन म्हनलो न्हाई.

ताई म्हनली, मग ठरलं.