सूर्यफुलांचा गाऊन आणि आमचा फौजदार

मेहुणेबुवा,

वाकून नमस्कार करावा तर कंबर खाली जाते ती वर यायला तयार नसते, म्हणून खुर्चीत बसूनच हात जोडतो. विनंती पुढे येईल, विशेष त्याच्याही पुढे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे मी एकटा आणि बाकीच्या कोंबड्या. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, आणि पट्टी किंचित वर करून तुम्ही टीव्ही बघितलात म्हणून डॉक्टरीणबाईंची बोलणी खाल्लीत, असं कळलं. ऐकून फार बरं वाटलं. (बोलण्यांबद्दल नव्हे, तब्येत मूळपदावर आल्याबद्दल.) थेंब वेळच्या वेळी घाला, खाली वाकू नका, आणि शिंक आली तर तीसुद्धा जरा बेतानं द्या.

आता डोळ्याला पट्टी आहे म्हणजे हे पत्र तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवणार. कोण, ते मला ठाऊक आहे. तुमच्या घरात सध्या कामाचा चष्मा एकच आहे आणि तो माझ्या घरून तिकडे गेलेला आहे. तेव्हा वाचणाऱ्या व्यक्तीला नम्र सूचना अशी की, जिथे मी कंस केला आहे तिथलं वाचू नये, सरळ पुढच्या ओळीवर जावं. कंसातला मजकूर फक्त मेहुणेबुवांसाठी आहे. (वाचलंसच ना? मला वाटलंच.)

तुमच्या भगिनींनी आमच्या कोंबड्याबद्दल तुम्हाला सगळं सांगितलं असेलच. ती सांगते तेव्हा मध्ये बोलायची सोय नसते, हे तुम्ही लहानपणापासून अनुभवलेलं आहे. म्हणून माझी बाजू लेखी देतो. दुकान बंद केल्यावर मी कोंबड्या पाळल्या, त्या हौस म्हणून. बत्तीस वर्षं लोकांच्या कमरा मोजल्या, आता ज्यांना विजार लागत नाही अशा कोणाशी तरी संबंध ठेवावा असं वाटलं. शिकवायला कोणी नव्हतं. शिलाई मी उसवून उसवून शिकलो, वाचायला कापडाच्या ताग्यांवरचे शिक्के बघून शिकलो, तशा कोंबड्या त्यांच्या शेजारी पाटावर बसून शिकलो. पिल्लं विकणाऱ्यानं 'सगळ्या तलंगा आहेत काका, एकही नर नाही' असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. त्यातल्या एका तलंगेला पुढे तुरा आला, मग शेपटीत काळी निळी लांब पिसं आली, आणि एका सकाळी ती भिंतीवर चढून असा गळा काढून आरवली की तुमच्या भगिनींच्या हातातलं दूध अर्धं माझ्या मांडीवर आलं. हाच फौजदार.

पण मेहुणेबुवा, काय तो रुबाब! आणि नुसता रुबाब नव्हे, माणुसकी. (कोंबड्याला दुसरा शब्द सुचत नाही.) दाणे टाकले की आधी स्वतः खात नाही. टुक टुक टुक करून बायकांना बोलावतो, चोचीत दाणा उचलून त्यांच्यापुढे ठेवतो, सगळ्यांचं झालं की मग उरलंसुरलं आपण. तुम्ही आणि मी जेवायला बसतो तेव्हा काय करतो, ते आठवून मी काही दिवस ताटावर मान खाली घालून जेवत होतो. आकाशात नुसतं काही हललं तरी हा मान तिरकी करून एका डोळ्यानं वर बघत राहतो, आणि खाली त्याच्या बायका निर्धास्त माती उकरत असतात. अशा बापाची प्रजा वाढवावी असं कोणालाही वाटेल. मी ठरवलं की बाहेरून पिल्लं आणायची नाहीत, ह्याचीच अंडी उबवायची.

भानगड सुरू झाली ती इथून. फौजदार वजनदार. तो प्रेमानं पाठीवर चढला की कोंबडीच्या पाठीची पिसं त्याच्या नखांनी निघून येतात. लाडक्या दोघींच्या पाठी पार उघड्या पडल्या, ठुमकीला तर ओरखडे आले. (ठुमकी म्हणजे ती एका पायानं लंगडणारी. पिल्लू असताना ती जगते की नाही अशी होती, तेव्हा तुमच्या भगिनींनी तिला ओंजळीत घेऊन भरवलं. आजही ती दुसऱ्या कोणाच्या हातून दाणा घेताना आधी हाताकडे संशयानं बघते.) आता शिंप्याच्या घरात कोणी उघड्या पाठीनं फिरावं, हे मला सहन होईल का? मी प्रत्येकीसाठी एक झूल शिवली. छोटीशी, पाठीवर बसेल अशी, आतून अस्तर, पंखांखालून इलॅस्टिक. माप घेताना दोन वेळा टोच खाल्ली, पण फिटिंग असं बसलं की गिऱ्हाइकांनी बघायला हवं होतं. सगळ्या कोंबड्या झुली घालून अंगणात निघाल्या तेव्हा एखाद्या शाळेची सहल निघाली आहे असं वाटलं.

कापड कुठलं, तर पेटीत उरलेलं. वांगी रंगावर मोठाली पिवळी सूर्यफुलं. तुमच्या भगिनींचा घरात घालायचा गाऊन मी ज्या कापडाचा शिवला होता, त्याचंच ते कातरण. चांगलं कापड फेकायचं नाही ही माझी पक्की सवय, आणि तिनंच मला ती लावली, हे आज नमूद करतो.

पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. फौजदारानं एवढाच हिशोब केला की ज्याच्या अंगावर सूर्यफूल, ते आपलं. तुमच्या भगिनी गाऊन घालून मागच्या दारात आल्या, की हा टुक टुक करत धावत जाणार, त्यांच्याभोवती एक पंख जमिनीला घासत गोल फिरणार, आणि मग आडवा उभा राहून जगाला सांगणार की पुढे पाऊल टाकून दाखवा. जग म्हणजे मी. चहाचा कप घ्यायला मी हात पुढे केला, तर ह्यानं माझ्या गुडघ्यापर्यंत उडी घेतली. त्याच्या पायामागचं ते टोकदार नख विजारीतून आत गेलं. दुसऱ्या दिवशी मी बाकावर तिच्या शेजारी बसायला गेलो, तर तो मधल्या जागेत चढून बसला. एवढ्या वर्षांच्या संसारात आमच्या दोघांच्या मध्ये कोणी आलं नव्हतं, आणि आलं ते हे. ती आधी हसली. म्हणाली, "चला, कोणीतरी माझ्या बाजूनं उभं राहिलं." पण मग एके दिवशी त्यानं एक जाडजूड, वळवळणारं गांडूळ आणून तिच्या उघड्या पायावर मोठ्या आदरानं ठेवलं, आणि 'खा ना' म्हणून टुक टुक करत बाजूला उभा राहिला.

ती जी किंचाळली, त्यानं समोरच्या गल्लीत सायकलवाला थांबला. मी हसलो. हसायला नको होतं. (पण मेहुणेबुवा, तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता, आणि तिनं तुम्हालाही तसंच बघितलं असतं.)

"ह्या वयात मी कोंबड्याच्या संसारात पडले, आणि तुम्ही हसताय?" असं म्हणून तिनं गाऊन खुंटीवर टाकला. त्याच आठवड्यात तुमच्या डोळ्याची तारीख आली. बॅग भरताना म्हणाली, "दादाची पट्टी निघाली की मी येते. तेव्हा तो अंगणात दिसता कामा नये. बेकरीवाला मागतोय ना? द्या त्याला." आता बेकरीवाल्याला कोंबडा कशाला हवा, हे मी विचारलं नाही. त्याच्याकडे भट्टी आहे, एवढंच लिहितो.

मी शब्दाचा पक्का माणूस. बेकरीवाल्याला निरोप धाडला. तो गोणपाट घेऊन आला. मी त्याला म्हणालो, "फाटकाजवळ खिळ्याला गाऊन आहे, तो चढवून आत ये." (हो, गाऊन हल्ली फाटकाशी असतो. सांगतोच.) तो म्हणाला, "काका, मी पन्नास किलोची पोती उचलतो. कोंबड्यासाठी बायकांचा गाऊन घालू?" आणि आला तसाच. पुढचा वेळ तो पाण्याच्या टाकीवर होता. गोणपाट खाली, चप्पल एक इकडे एक तिकडे, आणि फौजदार टाकीभोवती गस्त घालतोय. शेवटी मीच गाऊन घालून शिडी लावली आणि त्याला उतरवला. जाताना म्हणाला, "काका, हा नको मला. भट्टीत घातला तर भट्टी विझवेल." म्हणजे माझ्याकडून प्रयत्न झाला. पुढे आपल्या हातात काय असतं?

आता गाऊनबद्दल. (वाचणाऱ्या व्यक्तीनं हा परिच्छेद खरोखरच सोडावा.) फाटकातून घराच्या दारापर्यंत यायला अंगण ओलांडावं लागतं, आणि अंगण फौजदाराचं. दूधवाल्याच्या पोटरीला दोनदा ओरबाडल्यावर त्यानं दूध भिंतीवर ठेवून पळायला सुरुवात केली आणि मांजरांची चंगळ झाली. तेव्हा मला युक्ती सुचली. गाऊन फाटकाशी टांगला. आता जो येतो तो आधी गाऊन चढवतो. दूधवाला चढवतो. विजेचं मीटर बघायला येणारा, तो मिशीवाला, पहिल्यांदा लाजला, आता खिशात पेन ठेवायची सोय आहे म्हणून खूश असतो. शेजारचे पेन्शनर तर काही काम नसताना येतात, गाऊन घालून अंगणात फेरी मारतात, आणि फौजदार त्यांच्यापुढे दाणा ठेवतो तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलतो की बघत राहावं. म्हणाले, "घरी इतक्या अगत्यानं कोणी वाढत नाही हो." गाऊन सर्वांच्या अंगाला बसतो. माप मी भरपूर घेर सोडून घेतलं होतं, हे माझं कसब.

एवढ्यात ठुमकी खुडूक झाली. निवडलेली अंडी तिच्याखाली ठेवली. आठवड्याभरानं दिव्यासमोर धरून बघितली, तर आत लाल शिरांचं जाळं दिसलं, म्हणजे फौजदाराची प्रजा वाढते आहे. ठुमकी दिवसातून एकदाच उठते, पाणी पिते, परत बसते. परवा दुपारी ती लंगडत पाण्याशी आली आणि वरून घार आली. फौजदारानं तो एक लांब, घोगरा आवाज काढला, तशा बाकीच्या सगळ्या क्षणात झुडपाखाली. ठुमकी मात्र उघड्यावर. तिला कुठे पळता येतंय? मी ओट्यावरून 'हाड हाड' म्हणून ओरडलो, त्याचा घारीवर काय परिणाम व्हायचा! फौजदार उलटा धावला, ठुमकीला पंखाखाली दाबली आणि वर तोंड करून उभा राहिला. घार आली, पिसं उडाली, धुरळा उडाला, मी झाडू घेऊन पोचेपर्यंत घार वर आणि तिच्या पायात फौजदाराच्या शेपटीची दोन लांब पिसं. बाकी सगळं जागच्या जागी. ठुमकी उठली, झूल सरळ केली आणि अंड्यांवर जाऊन बसली. फौजदाराच्या मानेला जखम आहे, मी हळद लावतो. तोही लावू देतो.

आणि एक गोष्ट, जी मी सांगणार नव्हतो. संध्याकाळी सगळ्या खुराड्यात गेल्या की फौजदार दारात उभा राहून आत बघतो. एकेकीवर नजर फिरवतो. मग बाहेर येतो आणि मागच्या दाराच्या पायरीशी जाऊन उभा राहतो. कोणीतरी अजून आलेलं नाही. टुक टुक करतो. अंधार पडत आला तरी आत जात नाही. मी गाऊन आणून खुराड्याच्या दाराला टांगला, तेव्हा कुठे तो शांत झाला. आता रोज टांगतो. आत जाताना तो एकदा गाऊनकडे बघतो, आणि मीही बघतो, आणि मग आम्ही दोघं आपापल्या जागी झोपायला जातो.

कळावे, लोभ आहेच, तो मोजायला नको.

तुमचा,
मेहुणा, निवृत्त शिंपी

ता. क. विनंती राहिली. मेहुणेबुवा, पट्टी कधी निघणार ते डॉक्टरीणबाईंना जरा ठासून विचारा. आणि पट्टी निघाल्यावर 'मला आता एकट्यानं विश्रांती घ्यायची आहे' असं म्हणून दाखवाल का? तेवढं म्हणा.

ता. क. दुसरा. अंड्यांना कानाशी धरलं की आतून टोकरल्यासारखा आवाज यायला लागलाय. ठुमकी माझ्या हातचा दाणा घेत नाही. हे मी कोणाला उद्देशून लिहितोय, ते वाचणाऱ्या व्यक्तीला कळलं असेल.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. (हे मात्र मोठ्यानं वाच, दादांनाही कळू दे.) गाऊन आता पूर्वीइतका लांब राहिलेला नाही. खालचा घेर कापला. जोडून जाडून माझा एक अर्ध्या बाह्यांचा शर्ट निघाला, सूर्यफूल बरोबर खिशावर आलंय. काल तो घालून अंगणात बसलो. फौजदारानं आधी एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्या डोळ्यानं, मग गेला आणि एक गांडूळ आणून माझ्या पायावर ठेवलं. तेव्हा आता बाकावर आपण शेजारी शेजारी बसून चहा प्यायला त्याची हरकत दिसत नाही. ये.