पणजोबांच्या कोटाचा एक दोरा

ती. मामांच्या पायांवर भाच्याचे डोके.

गुडघ्याचे दुखणे कसे आहे? मामींनी स्वतः तेल चोळायला घेतले असे कळले, म्हणजे ते दुखणे आता फार दिवस टिकायचे नाही. मामींच्या हाताखाली आजवर कोण टिकले आहे? इकडे देवाच्या दयेने सर्व क्षेम आहे, फक्त मला सैन्यातून काढण्याचे ठरते आहे. (घाबरू नका, नोकरी शाबूत आहे. पंपघरात मीच असतो आणि गावाला पाणी वेळेवर मिळते.)

तुम्हाला ठाऊक आहे, आम्ही पंचवीस माणसे दरवर्षी माळावर दीडशे वर्षांपूर्वीची एक लढाई जशी झाली तशी लढून दाखवतो. तेव्हा आमची बाजू हरली होती, त्यामुळे आम्हीही दरवर्षी न चुकता हरतो. मंडळाचे प्रमुख म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. त्यांना सगळे सेनापती म्हणतात, आणि घरी त्यांच्या सूनबाईसुद्धा तसेच म्हणतात. यंदा आमच्या जुन्या कोटांना कसर लागली. नवे कोट निवडायचे काम माझ्याकडे आले, कारण मी एकदा बोलून गेलो होतो की लहानपणी सुट्टीत मी मामांच्या दुकानात काजे करायला बसत असे. तोंड उघडले की काम गळ्यात पडते, हे पन्नाशी जवळ आली तरी मला उमगलेले नाही.

नमुन्याचे दोन कोट आले. एक नाटकांचे कपडे पुरवणाऱ्याचा. लांबून झकास, खांद्यांवर सोनेरी झालर, आणि बटणांच्या पट्टीखाली चेन! होय मामा, चेन. बटणे नुसती शोभेला. आमच्या दंतवैद्यांना (ते तोफ सांभाळतात) ही चेन फार आवडली. म्हणाले, "अहो, लढाईच्या मध्येच घाई लागली तर?" मी म्हणालो, "डॉक्टर, तेव्हाच्या माणसांनाही लागत असेल. ती माणसं बटणं सोडत होती." दुसरा कोट एका म्हाताऱ्या शिंपीणबाईंचा. जाड लोकर, हाताची काजे, आत सुती अस्तर, काखेत जोड देऊन हात वर नेण्याइतकी सैल शिवण. तुम्ही सांगत असा, कोट बाहेरून सगळ्यांकडे बघून हसतो, खरे काय ते उलटा केल्यावर सांगतो. मी उलटा केला, आणि आत एकही दोरा लोंबत नव्हता. ती माणसे अशाच कोटांत पडली असतील. त्यांचे सोंग आणायचे तर निदान कापडाशी तरी इमान राखावे, एवढेच माझे म्हणणे होते.

सभेत हे पटवायला मी दोरा जाळून दाखवायचे ठरवले. नाटकवाल्याच्या कोटाचा दोरा काडीपाशी नेताच आखडला आणि त्याचा प्लास्टिकसारखा काळा, कडक मणी झाला. शिंपीणबाईंच्या दोऱ्याला केस जळल्याचा वास आला आणि त्याची राख बोटांत चुरली. इथे थांबलो असतो तर आज सुखात असतो. पण मला वाटले, पुरावा पक्का हवा. सेनापतींच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात त्यांच्या पणजोबांचा कोट आहे, खुद्द त्या लढाईतला. सभाही तिथेच होती. मी म्हणालो, "अस्सल लोकर कशी जळते ते आता पाहा," आणि परवानगीने त्याच्या घेरातला एक दोरा ओढला.

मणी झाला, मामा. पहिल्याहून मोठा.

आमचा नगारा वाजवणारा न्हावी खोकल्यासारखा हसला. सेनापती म्हणाले, "मागून कोणीतरी टीप मारली असेल." पडती बाजू घेण्याची ही शेवटची संधी होती. पण मला आपली सवय, मी कोट उलटा केला. आत कॉलरखाली पांढरी पट्टी होती आणि तिच्यावर लिहिले होते, मशीनमध्ये धुवावे, इस्त्री कोमट.

आता सेनापतींचा निरोप आला आहे. रविवारपर्यंत मी लेखी माफी मागावी आणि त्यात कबूल करावे की मला सर्दी होती, वास नीट आला नाही. नाहीतर रांगेतून नाव कमी. बावीस वर्षे मी त्या रांगेत डावीकडून तिसरा उभा राहतो. पंपघरात मला कोणी पाहत नाही मामा, वर्षातून तेवढा एकच दिवस माणसे मला बघायला येतात. ही म्हणते, "लिहून द्या की दोन ओळी, हात का झिजणार आहेत?" हात झिजणार नाहीत, पण सकाळी देवापुढे हेच हात जोडायचे असतात. मी त्या न्हाव्याकरवी उलट निरोप धाडला: मला सर्दी नव्हती, आजही नाही, आणि रविवारीही होणार नाही. वाटल्यास माळाच्या कडेला एकटा उभा राहून एकटा हरेन. पण मण्याला राख म्हणणार नाही.

मामींना नमस्कार. उत्तराची वाट पाहतो.

आपला हट्टी भाचा

ता. क. सेनापतींच्या लग्नाचा कोट तुम्ही शिवला होता आणि ते तुम्हाला फार मानतात. मी माफी मागणार नाही हे नक्की. पण माझ्या वतीने तुम्ही मागितलीत तर मी आडवा येणार नाही. फक्त मला कळवू नका.

ता. क. दुसरे: वरचे रद्द समजावे. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात सेनापती स्वतः पंपघरात आले. बराच वेळ पंपाचा काटा बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, "वडिलांनी खरा कोट कधी आणि का विकला, देव जाणे. मी लहानपणापासून रोज त्याला नमस्कार करत आलो." पुढे म्हणाले, "तुझ्या मामांना विचार, तसाच एक होईल का? खऱ्या लोकरीचा. काचेत ठेवायला नको, अंगावर घालून लढायला." माफीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. डावीकडून तिसरी जागा माझीच आहे. तेव्हा गुडघा साथ देईल तसा कोट शिवायला घ्या, काजे सगळी हाताची. लोकर शिंपीणबाईंकडून मी पाठवतो.

ता. क. तिसरे: माप सोबत आहे. छातीचे मी घेतले. पोटाचे त्यांनी तोंडी सांगितले, ते चार बोटे वाढवून धरा.