नर्मदेच्या अर्जातला नववा प्रश्न

१० जानेवारी १९६६. बोईसर. संध्याकाळ.
आजपासून रोजनिशी. या वर्षी घरात एक मोठी गोष्ट होणार आहे आणि ती मी घडवणार आहे, तेव्हा नोंद असलेली बरी. धाकटी बहीण नर्मदा मुंबईच्या महिला विद्यापीठात शिकायला जाणार. गेल्या जूनमध्ये मॅट्रिक झाली, खरं म्हणजे तेव्हाच जायची. पण नेमकी माझ्या पाठीत उसण भरली आणि अर्ज राहिला.

आज फॉर्म आला. चार पानं. नाव, जन्मतारीख, मार्क वगैरे तिने बसल्या बैठकीला भरलं. उरला नववा प्रश्न : 'आपणांस याच विद्यापीठात शिक्षण का घ्यावयाचे आहे? सुमारे दोनशे शब्दांत, स्वतःच्या भाषेत लिहा.' तेही ती लिहायला लागली होती. मी फॉर्म काढून घेतला. असल्या ठिकाणी भाषा लागते. मी इंटरपर्यंत शिकलेला माणूस. तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर टाइमकीपर आहे, रोज सहाशे माणसांची हजेरी मांडतो. शेवटची तारीख ३० एप्रिल. काम एका रविवारचं.

१६ जानेवारी, रविवार.
चहा झाल्यावर बसलो. पहिलं वाक्य : 'शिक्षण ही आजच्या काळाची गरज आहे.' भक्कम आहे. नंतर डुलकी लागली. आठवडाभर साइटच्या ट्रकमधून हाडं खिळखिळी होतात, त्याला इलाज नाही. दुपारी नर्मदेने विचारलं, झालं का. म्हटलं, पाया घातलाय.

३० जानेवारी, रविवार.
दोनशे शब्द पूर्ण. मोजले. उमरग्याहून आम्ही कसे आलो, आईवडील एका वर्षात गेल्यावर आठ वर्षांच्या नर्मदेला मी कसं सांभाळलं, त्यापायी लग्न कसं राहिलं, इंटरच्या परीक्षेत मला टायफॉइड कसा झाला, हे सगळं आलंय. फक्त टायफॉइडच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पोचलो आणि शब्द संपले.

नर्मदेला वाचून दाखवलं. म्हणाली, "दादा, यात मी कुठाय?"
म्हटलं, पुढे येतेस.

८ फेब्रुवारी.
टाइम ऑफिसात माझ्या शेजारी नागोराव बसतो, नांदेडकडचा. त्याला फॉर्मची अडचण सांगितली. म्हणाला, पोरीलाच लिहू द्या की, तिला जायचंय. माणूस चांगला आहे, पण दृष्टी तोकडी. वर विचारतो, "ताई गेल्यावर तुमच्या जेवणाचं कसं?" हा विचार माझ्या मनात आजवर एकदाही आलेला नाही. आलेला नाही हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

दिवसभर डोकं जड. सहाशेपैकी अकरा माणसांची हजेरी चुकीच्या रांगेत मांडली.

२० फेब्रुवारी, रविवार.
दांडी गावची कोळीण जमुना मासळीची पाटी घेऊन दारात आली. तिचा मुलगा वेरावळला बोटीवर आहे, त्याची पत्रं नर्मदा तिला वाचून दाखवते, उत्तरंही लिहिते. पाटी खाली ठेवून मलाच विचारायला लागली, "पोरीचा कागद गेला का नाय अजून?"

मी समजावलं की हे डोक्याचं काम असतं, घाईने होत नाही.

"आमी सकाळी मासळी उतरली का दुपारच्या आत इकून मोकळ्या होतो," ती म्हणाली. "तुमचा कागद कवा उतरायचा?"

नर्मदा तोंडाला पदर लावून आत गेली. दुपारी पापलेटाचं कालवण केलं होतं. आम्ही उमरग्याची माणसं, मासे इथे आल्यावर शिकलो, पण तिचा हात असा बसलाय की या भागातल्या बायकांनी विचारावं. वसतिगृहात हिला असं करायला कोण देणार? हा मुद्दा उत्तरात कुठे बसेल का, पाहतो. जेवण जड झालं. लिहिणं पुढच्या रविवारी.

१३ मार्च, रविवार.
चौथा खर्डा. या वेळी शैली बदलली. सुरुवात प्राचीन काळापासून. स्त्रियांच्या स्थितीवर एकशे ऐंशी शब्द झाले, नर्मदेसाठी वीस राहिले. वीस शब्दांत एका मुलीचं काय सांगणार? रद्द.

फॉर्म माझ्या ट्रंकेत, कुलपात. हरवायला नको.

२७ मार्च, रविवार.
नर्मदा आज पालघरला गेली, शाळेतल्या कुळकर्णीबाईंना भेटायला. जाऊ दे, तिलाही घरात बसून कंटाळा येत असेल. जेवण झाकून ठेवलं होतं, पण गार. स्टोव्ह पेटवायला गेलो तर पिन मिळेना. गार जेवलो की मला काही सुचत नाही, हे तिला माहीत आहे. आजचा दिवस तिच्यामुळे गेला.

परत आली तेव्हा खुशीत होती. विचारलं, काय म्हणाल्या बाई. म्हणाली, अक्षर अजून चांगलं आहे म्हणाल्या.

१७ एप्रिल, रविवार.
उकाडा. साइटवर काँक्रीटचं काम तीन पाळ्यांत चाललंय, माणसं वाढली, हजेऱ्या वाढल्या. घरी येतो तो नुसता अंग टाकतो. तरीही रोज संध्याकाळी नर्मदेला अर्धा तास तिच्या भवितव्याविषयी सांगतो. ती तांदूळ निवडत ऐकते. इतकं शांतपणे ऐकणारं माणूस साइटवर एक नाही. मुकादम तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणतो, "समझ गया बाबू, आगे बोलो मत."

आज ती पायरीवर बसून विद्यापीठाचं माहितीपत्रक वाचत होती. तेच एक पान. विचारलं, अभ्यासक्रम का? म्हणाली, "नाही. नियम आहेत राहण्याचे."

३० एप्रिल, शनिवार.
झालं. सातवा खर्डा अंतिम. अर्ध्या दिवसाची रजा टाकून सुवाच्य अक्षरात उतरवला. उतरवताना दोन विशेषणं खटकली, ती बदलली, मग आधीची बरी वाटली. पोस्टात पोचलो तेव्हा पोस्टमास्तर खिडकी लावत होता. त्याला प्रश्नाचं महत्त्व सांगितलं. तो म्हणाला, सोमवारी या.

२ मे, सोमवार.
पोस्टात गेलो नाही. तारीख उलटल्यावर पाठवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. नर्मदेला समोर बसवून सांगितलं की पुढच्या वर्षी नक्की. एक वर्षाने मुलगी आणखी पोक्त होते, त्याचा फायदाच आहे. ती "बरं" म्हणाली आणि पाणी आणायला गेली. रडली नाही, रुसली नाही. गुणी मुलगी.

मला जरा हलकं वाटलं. कशाने ते कळलं नाही. वारा सुटला असावा.

९ जून, गुरुवार.
मुंबईहून जाड लिफाफा, नर्मदेच्या नावाचा. प्रवेश मिळाला. वसतिगृहात जागाही मिळाली. वीस तारखेला हजर व्हायचं आहे.

मला पहिल्यांदा वाटलं, माझ्या उत्तराचा परिणाम. मग आठवलं, माझं उत्तर ट्रंकेत आहे.

नर्मदेने खाली बसून सरळ सांगितलं. मार्चमध्ये कुळकर्णीबाईंकडे गेली होती ती दुसऱ्या फॉर्मसाठी. तिथेच भरला, पालघरच्या पेटीत टाकला. दादा, तुम्ही दमलेले असता, म्हणून बोलले नाही, म्हणाली. पालकाच्या सहीचं काय केलंस, विचारलं. म्हणाली, सही बाईंनी केली, आणि खाली लिहिलं की पालक कामात आहेत. बाईंच्या ओळखीने शिष्यवृत्तीही मिळणार आहे. म्हणजे मी करण्यासारखं काहीच उरलेलं नाही.

नवव्या प्रश्नाला काय लिहिलंस, विचारलं. ती उठली. मग वहीतून कच्चा कागद काढून दिला. इथे उतरवून ठेवतो :

'मी बोईसरला मोठ्या भावाजवळ राहते. आईवडील गेल्यावर त्यांनीच मला मॅट्रिकपर्यंत शिकवले. माझ्यामुळे त्यांचे लग्न राहिले, असे ते सांगतात. त्यांच्या मनात वाईट काही नाही. पण मी घरी राहिले तर ते दरवर्षी माझा अर्ज लिहितील. मला शिक्षिका व्हायचे आहे. ते शिक्षण इतर विद्यापीठांतही मिळते. आपल्याकडे मुलींसाठी वसतिगृह आहे.'

दोनशे शब्द काही झालेले नाहीत. भाषा साधी. एखादा अलंकार चालला असता. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला घेतलं आणि परत दिलं. म्हटलं, अक्षर खरंच चांगलं आहे.

ती म्हणाली, "दादा, रागावलात?"
म्हटलं, दमलोय.

१९ जून, रविवार.
सकाळच्या गाडीने गेली. पुढे सोबतीला कुळकर्णीबाई, त्या पालघरला चढणार होत्या. मी रात्रीच ठरवलं होतं काय काय सांगायचं, मुद्दे काढून ठेवले होते. गाडी वेळेवर आली. मी फक्त विचारलं, छत्री घेतलीस का.

खिडकीतून ती म्हणाली, "भात गुरगुट्या झाला तर टाकू नका, ताक घालून खा." आणि मग रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मी गाडीबरोबर चार पावलं चाललो. पुढे फलाट ओला होता.

२० जून, सोमवार. सकाळ.
कामावर गेलो नाही. सहाशे माणसांची हजेरी आज नागोराव मांडील.

आमची घरमालकीण साखरबाई दारात येऊन उभी राहिली. खोलीकडे बघितलं, भांड्यांकडे बघितलं, मग मला विचारलं, "पोर कुटं गेली? सासरला?"

म्हटलं, मुंबईला, विद्यापीठात.

"एवड्या लांब? तितंच का?"

या प्रश्नावर माझे सात खर्डे झालेले आहेत. पहिली वाक्यं सगळी पाठ आहेत.

म्हटलं, "तिथे मुलींना राहायला जागा आहे."

साखरबाई माझ्याकडे बघत राहिली. "मंग बरं झालं," म्हणाली, आणि गेली.

हंडा घेऊन विहिरीवर गेलो. सगळ्या बायकाच होत्या. त्यांनी मला पुढे जायला सांगितलं, मी नको म्हटलं. माझा नंबर यायला तास लागला. घरी येईपर्यंत अर्धं पाणी सांडलं होतं.