माझ्या हार्टला काहीही झालेलं नाही

७ जानेवारी २०२२
रिपोर्ट पॉझिटिव्ह. माझ्यासारख्या फिट फुटबॉलरला कोविड म्हणजे निव्वळ चेष्टा. आईने मागच्या खोलीत टाकलंय, ताट दाराशी ठेवते. पाच फेब्रुवारीला स्टेटच्या ट्रायल्स. संकल्प: याच खोलीत रोज पुश-अप्स. बाकीची टीम झोपून राहील, मी पुढे निघून जाईन.

९ जानेवारी
ताप. पुश-अप्सचं वेळापत्रक तयार करून भिंतीवर लावलं. बघूनच अंग दुखलं, म्हणजे परिणाम सुरू झाला.

१५ जानेवारी
निगेटिव्ह. बाबांनी फोनवर श्रीकांतकाकांचा सल्ला घेतला. काका बाबांचे शाळेपासूनचे मित्र आणि हार्टचे डॉक्टर. म्हणाले, इतक्यात पळायचं नाही. व्हायरसमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. तरुण, तब्येतीने ठणठणीत मुलांनाही, आणि कधी कधी कळतही नाही. तशात खेळलं तर महागात पडतं. आधी ईसीजी, इको, मग मैदान.
काका चांगले आहेत, पण दिवसभर साठीच्या पेशंट्समध्ये बसतात. ॲथलीटचं हार्ट त्यांनी पाहिलंय कुठे? बाबांना सांगितलं, टेस्ट करून घेतो. कधी ते सांगितलं नाही, म्हणजे खोटं नाही.

१८ जानेवारी, सकाळ
'कोथिंबीर आणतो' सांगून शाहपुरा तलावावर रनिंग. एक चक्करही पूर्ण झाली नाही. दम लागला. कारण: थंडी. भोपाळच्या जानेवारीत फुफ्फुसं उघडायला वेळ लागतो. उभा राहून पक्षी बघितले, जेणेकरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना शंका येऊ नये. कोथिंबीर विसरलो.

२२ जानेवारी
दोन जिने चढलो तर छातीत धडधड. कारण: कॉफी. कॉफी बंद.

२३ जानेवारी
तरी धडधड. कारण: कॉफी एकदम बंद केली ना.

२५ जानेवारी
नुसतं बसलेलं असताना घड्याळ पल्स एकशे अठरा दाखवतंय. जवाहर चौकात जाऊन घड्याळाच्या दुकानदाराशी भांडलो. त्याने स्वतःच्या मनगटावर लावलं, बहात्तर. घरी आईला लावलं, अठ्ठ्याहत्तर. धाकट्या बहिणीला, शमिकाला लावलं, ऐंशी. निष्कर्ष: घड्याळ फक्त ॲथलीट्सच्या बाबतीत चुकतं.
शमिका म्हणाली, 'दादा, काकांना दाखव ना.' अकरावीत बायोलॉजी घेतलं की मुली खामखा डॉक्टर होतात.

२९ जानेवारी
आमचे कोच जितेंद्र सरांनी विचारलं, कोविड झालेल्यांनी डॉक्टरला दाखवलं का. मी म्हटलं, घरचेच डॉक्टर आहेत सर, हार्टचेच, त्यांनी ओके दिलंय. सर खूश. काकांनी नाही म्हटलेलं नाही, 'आधी टेस्ट' एवढंच म्हटलंय. अर्थ लावता आला पाहिजे.

४ फेब्रुवारी
उद्या ट्रायल्स. छातीत जरा जड वाटतंय. एक्साइटमेंट. मोठ्या खेळाडूंना होतंच. संकल्प: पहिल्या दहा मिनिटांत गोल.

५ फेब्रुवारी
(लिहिलं नाही.)

७ फेब्रुवारी, हॉस्पिटल
काल बसता आलं नाही, म्हणून आज लिहितोय. पहिला हाफ कसाबसा काढला. दुसऱ्यात बॉलमागे धावलो आणि मैदान तिरपं झालं. पुढचं आठवत नाही. मी आधी ठरवलं होतं की डिफेंडरने पाडलं असं लिहायचं, पण माझ्याजवळ कोणीच नव्हतं म्हणे.
इको झाला, एमआरआय झाला. हृदयाच्या स्नायूला सूज आहे. काका म्हणाले, वेळेत आणलं, बरा होशील, पण निदान सहा महिने खेळ बंद. ओरडले नाहीत. ओरडले असते तर भांडायला सोपं गेलं असतं.
जितेंद्र सर येऊन गेले. स्टुलावर बसून त्यांनी एवढंच सांगितलं की मी पडलो तेव्हा त्यांना माझ्या घरचा नंबर सापडत नव्हता. मग बराच वेळ माझ्या बुटांची पिशवी मांडीवर घेऊन बसले.
आई दुपारभर माझ्या छातीवर हात ठेवून होती. मी गंमत म्हणून विचारलं, ठोके मोजतेस का. म्हणाली, "मोजत नाहीये रे. चालू आहेत ना, तेवढंच बघतेय."
यावर मला काही कारण सुचलं नाही.

१२ मार्च
संध्याकाळी हळू चालायची परवानगी मिळाली. संकल्प: सहा महिन्यांची रिकव्हरी चारमध्ये. (काकांना सांगायचं नाही.) (बरं, सांगायचं.)
खालच्या मजल्यावरच्या सुमित्राकाकू कोपऱ्यावर भेटल्या. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे नवे. माझ्या पुढे निघून गेल्या, मग थांबल्या, मग त्यांनी माझा दंड धरला. रस्त्यावर रहदारी होती, म्हाताऱ्या माणसाला भीती वाटणारच. मीही हात सोडवला नाही. त्यांच्यासाठी मुद्दाम सावकाश चालत, मध्ये दोनदा थांबत, त्यांना बिल्डिंगपर्यंत आणलं.
वर आल्यावर आईला सांगितलं, सुमित्राकाकूंना आधार देत घेऊन आलो.
आई म्हणाली, हो, त्यांचा आत्ताच फोन येऊन गेला. मुलाला नीट धरून आणलंय, काळजी करू नकोस, म्हणाल्या.