वचनगडाच्या नियमांची वाटणी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, विमा कंपनीच्या हप्ते ठरवणाऱ्या विभागातून निवृत्त, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, हात थरथरत नाही आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेलं नाही. रागात लिहिते आहे, हे मात्र खरं. तळमजल्यावरच्या दंतवैद्यबाई साक्षीदार आहेत. त्यांनी विचारलं की रागाच्या भरात केलेलं मृत्युपत्र चालतं का. वकील म्हणाले, राग म्हणजे वेड नव्हे. तेवढं मला पुरे आहे. याआधीच्या मृत्युपत्रात माझ्या धाकट्या दिरांचं नाव ठिकठिकाणी मायेने आलं होतं. ते मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते.

कलम १. मी राहते ते तिसऱ्या मजल्यावरचं घर आणि बँकेतली ठेव हे सगळं माझ्या पुतणीला, म्हणजे त्याच दिरांच्या मुलीला मिळावं. मला मूलबाळ नाही. बापाचा राग लेकीवर काढायची आमच्याकडे पद्धत नाही. स्वयंपाकघरातला नळ डावीकडे फिरवला की उघडतो आणि जोरात फिरवला की हातात येतो, एवढं तिने ध्यानात ठेवावं.

कलम २. माझे पती लिफ्ट दुरुस्त करत. त्यांची हत्यारांची पेटी त्यांच्या कामावरच्या जोडीदाराला द्यावी. तो ती दोनदा मागून गेला आणि दोन्ही वेळा मी त्याला नुसता चहा पाजून परत पाठवला. आता द्यावी.

कलम ३. ‘वचनगड’ या खेळाच्या नियमांवरचा माझा हक्क. हे कलम लांबणार आहे, साक्षीदारांनी बसून घ्यावं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. टेबलाभोवती चारपाच माणसं बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो: राज्य, किल्ला, राक्षस, जादू. बाकीचे एकेक नायक घेतात आणि त्याने काय करायचं ते ठरवतात. जे जमेल की नाही याची शंका असते, ते फाशांवर सोडायचं.

सुरुवातीला आमच्या घरी फासे नव्हतेच. माझे दीर, त्यांना मी भाऊजी म्हणते, रेडिओसाठी श्रुतिका लिहीत. रविवारी दुपारी ते आमच्याकडे येत आणि गोष्ट सांगत. आम्ही मध्ये मध्ये आपापल्या नायकाचं बोलायचं. भाऊजींची जीभ म्हणजे वाहतं पाणी, ते मी आजही नाकारत नाही. पण त्यांचे लाडके कधी मरत नसत. कड्यावरून ढकललं तरी खाली गवताची गंजी ठरलेली. शेवटी एकदा हे, म्हणजे माझे पती, वैतागले आणि म्हणाले, “तुला हवं तेच घडणार असेल तर आम्ही कशाला बसलोय इथं? तूच बोल, आम्ही झोपतो.”

म्हणून नियम करायचं काम माझ्याकडे आलं. माणूस किती जगेल याचा अंदाज बांधून मी पोट भरत होते, तेव्हा नायक किती जगेल ते मला जड नव्हतं. मी जखमांचे तक्ते केले, तलवारीच्या लांबीचे तक्ते केले, थकव्याचे केले. पहिल्याच लढाईत दुपार संपली आणि राक्षस अजून दारातच उभा होता. भाऊजी म्हणाले की वहिनी, या राक्षसाचा विमा उतरवलाय का. सगळे हसले. मला झोंबलं, पण बोलणं खोटं नव्हतं. त्यांच्या गोष्टीला कणा नव्हता आणि माझ्या नियमांना जीव नव्हता.

यावर पुढे वर्षभर आम्ही तिघं भांडलो. चांगलं भांडण होतं ते. भाऊजी म्हणायचे, नियम दिसला की गोष्ट मरते. मी म्हणायचे, नियम नसला की गोष्ट थापा मारते. तोडगा ह्यांनी काढला. हे म्हणाले, लिफ्टमधल्या माणसाला दोर दिसत नाही, पण दोर आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो निवांत उभा राहतो. तुम्ही दोघं मिळून असा दोर करा. मग आम्ही वचनाचा नियम केला, आणि तोच खेळाचं नाव झाला.

प्रत्येक नायकाने खेळाच्या आरंभी कुणाला तरी वचन द्यायचं. ते पाळण्यासाठी झळ सोसली की एक फासा मिळतो आणि संकटात तो कामी येतो. वचन मोडलं की सगळे फासे जातात. आणि शेवटचा नियम, अखेरची फेक: वचनासाठी जिवावर उदार व्हायचं खेळणाऱ्याने स्वतः ठरवलं, तर त्याने साठलेले सगळे फासे एकदम टाकायचे, सगळ्यांच्या देखत. काम फत्ते होतंच. पण एकाही फाशावर एक पडला तर नायक जातो. जो वचनाला जास्त जागला त्याचे फासे जास्त, म्हणून त्याला धोकाही जास्त. ज्यांनी जन्मभर तारलं तेच शेवटी मारू शकतात. यात गोष्ट कुठे संपते आणि नियम कुठे सुरू होतो ते कोणी दाखवावं. मी आणि भाऊजींनी ते वाक्य न् वाक्य मिळून लिहिलं. प्रकाशक मिळाला, खेळ चालला, दूरदूरच्या लोकांची पत्रं येऊ लागली.

मग हे आजारी पडले. फुप्फुसं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही, आणि ह्यांनीही कोणाला ठेवू दिला नाही. रविवारचा खेळ मात्र चालू राहिला. भाऊजी सूत्रधार, आणि खेळायला हे, पुतणी आणि मी. ह्यांचा नायक होता एक लंगडा नावाडी. पूर आला तर तुम्हाला पलीकडे पोचवीन, असं वचन त्याने गावातल्या पोरांना दिलं होतं. पूर आला. पोरं नावेत बसली आणि मधल्या धारेत जलराक्षसाने नावेचा तळ धरला. ह्यांनी अखेरची फेक मागितली.

ह्यांच्या ओंजळीत फासे मावत नव्हते आणि हातात ताकद नव्हती. भाऊजी म्हणाले की दादा, मी टाकतो. त्यांनी ते आपल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकले. सूत्रधार आपले कागद झाकायला तो आडोसा उभा करतो, फेक झाकायला नव्हे. क्षणभर बघितलं आणि म्हणाले की एकही एक नाही, नावाडी वाचला.

हे पुढे झुकले. भावाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आडोसा काढ.”

भाऊजी हलले नाहीत. म्हणून मी काढला. दोन फाशांवर एक होता.

भाऊजी उठले आणि चपला घालून निघून गेले. नंतर नातेवाइकांत, ओळखीपाळखीत, जिथे तिथे त्यांनी सांगितलं की वहिनींनी आजारी माणसाला खेळातसुद्धा जगू दिलं नाही. हे वाक्य माझ्यापर्यंत माझ्या सख्ख्या बहिणीकडून आलं. ह्यांच्या अंत्यदर्शनाला आलेल्या एका बाईने तर माझा हात हातात घेऊन मला माफ केलं. मी तिला ओळखतही नव्हते.

सबब, वचनगडाच्या नियमांवरचा माझा संपूर्ण हक्क मी पुतणीला देते. ती नियमाने खेळते आणि गोष्टही सांगते, आणि दोन्ही करताना तिला घाम फुटत नाही.

कलम ४. नवी आवृत्ती. गेल्या वर्षी प्रकाशकाने वचनगडाची ‘सुधारित’ आवृत्ती काढली. करारानुसार दोघांपैकी एकाची सही पुरत होती. ती भाऊजींनी दिली. मला पुस्तक दुकानात दिसलं. अखेरच्या फेकीच्या नियमाखाली एक नवी ओळ होती: ‘गोष्टीच्या भल्यासाठी सूत्रधाराने कोणताही फासा मनातल्या मनात बदलावा.’ आणि पहिल्या पानावर अर्पणपत्रिका: ‘दादाला. त्याचा नावाडी अजून वल्हवतो आहे.’

मी दुकानात उभ्या उभ्या ते पान तीनदा वाचलं. दुकानदाराने खुर्ची आणून दिली.

जो माणूस मरणाच्या दारात बसून आडोसा काढ म्हणाला, त्याच्या नावाने आडोसा विकायला काढला. ज्या मरणाला ह्यांनी मान ताठ ठेवून होकार दिला, ते भाऊजींनी खोडरबराने पुसलं. खेळ सोपा करायचा होता तर करायचा होता. लोकांना गवताची गंजी आवडते, माहीत आहे मला. पण मग त्यावर ह्यांचं नाव नको. मूळ मसुद्यात इथे मी ‘चोर’ असा शब्द लिहिला होता. दंतवैद्यबाई म्हणाल्या की तो काढल्याशिवाय सही करणार नाही. काढला आहे. वाचणाऱ्याने तो मनातल्या मनात घालावा, गोष्टीच्या भल्यासाठी.

पुतणीने पुढच्या आवृत्तीत ती ओळ काढून टाकावी, ही माझी अट. अर्पणपत्रिकेवर कायद्याने माझा हक्क पोचत नाही, असं वकील सांगतात. तरी लिहून ठेवते: ती काढावी.

कलम ५. जेवणाचं मोठं टेबल आणि सगळे फासे पुतणीकडे जावेत. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखालची घडी काढू नये. पुठ्ठ्याचा आडोसा रद्दीत द्यावा.

कलम ६. माझे दीर. इथे आधी एकच ओळ होती, की त्यांना काहीही देऊ नये. ती मी खोडली, त्याचं कारण असं.

मागच्या आठवड्यात ते आले. ह्यांच्या माघारी पहिल्यांदाच. दारातच उभे राहिले. मी आत या म्हणाले नाही, पण दारही लोटलं नाही. केस सगळे गेलेत. नव्या आवृत्तीबद्दल मी जे जे बोलायचं ते बोलले, आणि जिन्यात ऐकू गेलं असेल तर जावो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “वहिनी, तो माझा भाऊ होता. मला तो मेलेला बघवत नव्हता.”

मी म्हटलं, “आणि मला बघवत होता?”

त्यांनी जिन्याचा कठडा धरला.  मग विचारलं की त्या दिवशी मी गेल्यावर नावाड्याचं पुढे काय झालं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना ठाऊकच नाही; लेकीला त्यांनी कधी विचारलं नसावं, आणि तिनेही आपणहून सांगितलं नसावं. ते उठून गेले होते. म्हणून त्यांचा नावाडी अजून वल्हवतो आहे. मी सांगितलं नाही. त्यांनी माझ्याबद्दल जे पसरवलं ते मी विसरलेले नाही. माझ्या हयातीत माझ्या तोंडून त्यांना ते मिळणार नाही. म्हणून ते इथे देते, आणि माझ्या मालमत्तेतलं त्यांना एवढंच मिळेल.

भाऊजी, तुम्ही गेल्यावर ह्यांनी सूत्रधाराची खुर्ची मागितली. आम्ही दोघींनी धरून त्यांना तिच्यावर बसवलं. खोकला येत होता, थांबत होते, पुन्हा सांगत होते. नावाडी पाण्यात उतरला आणि राक्षसाच्या मानेला मिठी मारून बसला. नाव सुटली. पोरं ओरडत होती की तू पण चल. तो म्हणाला, “तुम्हाला पोचवीन असं म्हणालो होतो. मी पोचेन असं कुठे म्हणालो होतो?” मग पोरं काठाला लागली आणि एकेक करून उतरली. प्रत्येक पोराचं नाव ह्यांनी तिथल्या तिथे रचून सांगितलं, एकही विसरले नाहीत. पुतणी रडत होती. हे खूश होते. इतके खूश मी त्यांना त्या आजारपणात पाहिलं नव्हतं.

शेवटी म्हणाले, “धाकट्याला सांग, गोष्ट झकास होती. आणि त्याला म्हणावं, पुढच्या रविवारी ये.”

हे मी साक्षीदारांसमोर वाचून, समजून, एकही शब्द कमी न करता कबूल केलं आणि सही केली.

ठिकाण: माझं घर
दिनांक: या महिन्याचा दुसरा रविवार, दुपारी

सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार पहिली: दंतवैद्य, तळमजला (कलम ४ मधला एक शब्द काढल्याची खात्री करून)
साक्षीदार दुसरा: लिफ्ट दुरुस्त करणारा, कैलासवासींचा जोडीदार (पेटी आजच मिळाली)