गुलाबी गोळीचा तपास

३ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून फाडून टाक. सूनबाई मला काहीतरी चारते आहे. माझी रक्तदाबाची गोळी पांढरी. महिन्यापासून डबीतून गुलाबी निघते. विचारलं तर म्हणते, नव्या डॉक्टरांनी हीच लिहून दिलीय. फ्रिजवर वेळांचा कागदही चिकटवलाय, म्हणजे पुरावा आधीच तयार. पस्तीस वर्षं वजनमाप खात्यात मी काट्याखाली लपवलेले चुंबक शोधले, मला बनवते! उठलो की घर फिरतं. परवा न्हाणीघरात पडलो, नळ हाती लागला म्हणून डोकं वाचलं. ती धावत आली, पण जरा जास्तच लवकर आली. टिपून ठेवलं आहे.

तिला संशय नको म्हणून तिची गोळी तिच्यासमोर गिळतो आणि मग बुटांच्या खोक्यातली माझी खरी पांढरी घेतो. तू पाठवलेल्या छोट्या गोळीने डोळा तरी लागतो. या घरात विश्वासाची तेवढीच.

तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस.

दादा

९ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही, दोनदा वाचलं. तीस वर्षं औषधाच्या दुकानात उभी राहिले, पण वेळापत्रक लावून विष घालणारी सून पहिल्यांदाच ऐकली. दोन्ही पाकिटांवरचं बारीक अक्षर भिंगातून वाच. मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेलं नाव असतं, बारीक अक्षरात आतलं औषध. दोन्हीकडे एकच निघालं, तर तुझ्या जिवावर उठलेला इसम रोज तुझ्याच आरशात दाढी करतो.

मग मनाने काही सोडू नकोस, धरू नकोस. घरातली झाडून सगळी औषधं पिशवीत घाल, बुटांच्या खोक्यातलीसुद्धा, आणि सूनबाईला घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

रागावलास तरी लिहीत जा.

धाकटी

१७ जून

चि. धाकटीस आशीर्वाद, थोडे कमी.

एकच निघालं. खोकं सूनबाईसमोर ठेवलं. वाटलं, भांडेल. तिने एवढंच विचारलं की, रोज माझ्या हातची गोळी गिळताना तुम्हाला असंच वाटायचं का. जन्मभर लोकांना जाब विचारला. द्यायची वेळ आली तेव्हा औषधांची पिशवी भरायला घेतली.

डॉक्टरांनी पिशवी टेबलावर ओतली. तीन डॉक्टरांची चौदा औषधं, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. पाच त्यांनी बाद केली. तळाशी बिनचिठ्ठीचं एक पाकीट निघालं. ते म्हणाले, ही झोपेची. या वयात चक्कर यायला, पडायला एवढी पुरते. कुणी दिली? मी खरं ते सांगितलं: पोस्टाने आली, तीस वर्षं औषधाच्या दुकानात काढलेल्या बहिणीकडून.

सूनबाई त्या दिवसात पहिल्यांदा हसली. घरी येऊन फ्रिजवरच्या कागदावर तिने एक ओळ वाढवली: आत्यांकडून आलेलं काहीही आधी मला दाखवणे. खाली मी सही केली, आणि तिच्या हातची गुलाबी गोळी न बघता गिळली.

लोभ पाठवत जा. गोळ्या नकोत.

दादा